फ्रीबीएसडी १३ वरून १४: लायब्ररी बदलल्यावर काय पुन्हा बिल्ड करायचं, कोणत्या क्रमाने, आणि जुनी लायब्ररी कधी काढायची

प्रश्न असा आहे: फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १३ व्या आवृत्तीचा सर्व्हर फ्रीबीएसडी-अपडेट हे साधन वापरून १४ वर नेला. इन्स्टॉल ही आज्ञा एकामागून एक तिन्ही वेळा चालवली. आता एनजिनएक्स, कर्ल, पीएचपी, इतकंच काय पॅकेजेस बसवणारी पीकेजीसुद्धा सुरू होत नाही. सगळीकडे एकच तक्रार: ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या संचातली ‘लिबएसएसएल.एसओ.१११’ किंवा ‘लिबक्रिप्टो.एसओ.१११’ सापडत नाही. डिस्कवर ‘लिबएसएसएल.एसओ.३०’ दिसते. तिला जुन्या नावाची सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) दिली तर भागेल का, की सगळं सॉफ्टवेअर पुन्हा बिल्ड करावं लागेल?

सिमलिंक देऊ नका. देऊन झाली असेल तर आत्ताच काढा. आणि हो, त्या जुन्या लायब्ररीवर अवलंबून असलेलं सगळं नव्याने बिल्ड झालेलंच लागेल. मात्र त्यातलं फार थोडं तुम्हाला स्वतः कंपाइल करावं लागेल, कारण १४ साठी बिल्ड केलेली पॅकेजेस अधिकृत रिपॉझिटरीत तयार आहेत.

आधी सर्व्हर चालू करू, कारणं नंतर बघू.

तुमचा सर्व्हर दिसतो तितका मोडलेला नाही. कर्नल, एसएच शेल, एसएसएचडी, फाइल सिस्टिमची साधनं हे सगळं बेस सिस्टिममध्ये येतं. ते एकत्रच १४ वर गेलं आहे आणि नव्या लायब्ररीशीच जोडलेलं आहे. बंद पडलंय ते फक्त ‘यूएसआर/लोकल’ खालचं, म्हणजे पॅकेजेसमधून (तयार बिल्ड) आणि पोर्ट्समधून (याच मशीनवर सोर्सपासून बिल्ड करायच्या कृती) आलेलं. म्हणून लांबून लॉगिन अजून होतं. तुमच्या खात्याचं शेल बॅश असेल आणि तेच सुरू होत नसेल, तर रूटने कन्सोलवरून आत जा. रूटचं शेल नेहमी बेसमधलंच असावं असा आग्रह मी धरतो तो याच दिवसासाठी. ज्याला रूट म्हणून बॅश हवंच असेल त्याच्यासाठी ‘टूर’ नावाचं दुसरं खातं फ्रीबीएसडीत पहिल्यापासून आहे.

आत गेल्यावर फ्रीबीएसडी-व्हर्जनला -केआरयू देऊन तिन्ही ओळी १४ च दाखवतात याची खात्री करा: बसवलेला कर्नल, चालू असलेला कर्नल आणि युजरलँड (कर्नल सोडून बाकीची बेस सिस्टिम). तिथे फरक असेल तर पॅकेजेसना हात लावण्याआधी तो मिटवा. मग पीकेजी ऐवजी पीकेजी-स्टॅटिक वापरा. ही तीच आज्ञा आहे, फक्त तिच्यात लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या बिल्ड करतानाच आत घेतलेल्या असतात, त्यामुळे बाहेरची कुठलीही लायब्ररी गायब झाली तरी ती चालते. अशा प्रसंगासाठीच ती दिलेली आहे. तीही नसेल किंवा कुरकुर करत असेल तर ‘यूएसआर/एसबिन’ मधल्या बेसच्या पीकेजीला ‘बूटस्ट्रॅप -एफ’ सांगा, ती नवीन पीकेजी उतरवून घेईल.

यानंतर लगेच अपग्रेडकडे धावू नका. तीन गोष्टी आधी कागदावर घ्या. पहिली, पीकेजी-स्टॅटिकची ‘लॉक -एल’: कुणी एखादं पॅकेज लॉक करून ठेवलं असेल तर ते अपग्रेडमध्ये जागचं हलणार नाही आणि जुन्या लायब्ररीचं नाव घेऊन बसेल. दुसरी, ‘प्राइम-लिस्ट’: तुम्ही स्वतः मागून बसवलेल्या पॅकेजेसची यादी, इतरांमुळे आपोआप आलेली त्यात नसतात. तिसरी, तिच्याच ‘क्वेरी’त टक्का-एन आणि टक्का-कॅपिटल-आर देऊन प्रत्येक पॅकेज कुठून आलं ते बघा. ज्यांच्यापुढे ‘अननोन-रिपॉझिटरी’ येतं ती याच मशीनवर पोर्ट्समधून बिल्ड झालेली आहेत. कुणीतरी कधीतरी काही पर्याय बदलून ती बिल्ड केली असणार, आणि अधिकृत पॅकेज त्यांच्यावर बसलं की तो पर्याय मुकाट्याने नाहीसा होतो. पीएचपीचं एखादं एक्स्टेंशन किंवा मेल सर्व्हरमधला एलडॅपचा आधार असा गेला की दोन दिवसांनी कुणाचा तरी फोन येतो.

मग ‘पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ’. इथला -एफ महत्त्वाचा आहे. पॅकेजच्या आवृत्तीचा आकडा १३ आणि १४ दोन्हीकडे तोच असू शकतो. आकडा तोच असला तरी बसवच, असं तो सांगतो. पोर्ट्समधून बिल्ड केलेल्यांसाठी पोर्ट्सचा संच (पोर्ट्स ट्री) ताजा करून पोर्टमास्टरला त्यांची नावं द्या; सगळंच पोर्ट्समधून बिल्ड करत असाल तर -एएफ द्या. पोर्टमास्टर ही शेल स्क्रिप्ट असल्यामुळे ती स्वतः मोडत नाही, तिला फक्त चालू पीकेजी लागते. पोर्टअपग्रेड रूबीत लिहिलेलं आहे, आणि रूबीच मोडलेल्यांच्या यादीत असू शकते.

आता कारण. हे समजलं की पुढची पन्नास अपग्रेडं न अडखळता होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

शेअर्ड लायब्ररीच्या आत तिचं स्वतःचं एक नाव लिहिलेलं असतं, त्याला एसओनेम म्हणतात. एखादा प्रोग्राम लिंक होतो तेव्हा लिंकर फाइलचं नाव बघत नाही, हे आतलं नाव उचलतो आणि प्रोग्रामच्या ‘नीडेड’ यादीत लिहून टाकतो. प्रोग्राम सुरू होताना लोडर (लायब्रऱ्या शोधून मेमरीत आणणारा भाग) ती यादी वाचतो आणि नेमकं तेच नाव शोधतो. १३ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होती, तिचं नाव १११ ने संपायचं. १४.० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली ती ओपनएसएसएल ३.० घेऊन, आणि नाव ३० ने संपू लागलं. १.१.१ चा मूळ प्रकल्पाकडून मिळणारा आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला होता, त्यामुळे हा बदल टाळण्यासारखा नव्हता.

नाव बदलणं ही लायब्ररीच्या लेखकाने दिलेली सूचना आहे: जुन्या हेडरवर (लायब्ररीची फंक्शनं आणि रचना जाहीर करणाऱ्या फाइलींवर) कंपाइल झालेला प्रोग्राम माझ्यासोबत चालेल असं मी आता म्हणत नाही. कंपाइल झालेल्या प्रोग्राममध्ये बऱ्याच गोष्टी आकड्यांच्या रूपात गोठलेल्या असतात. एखाद्या स्ट्रक्चरचा आकार, त्यातलं अमुक फील्ड सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे, फंक्शनला किती आणि कोणत्या प्रकारचे आर्ग्युमेंट द्यायचे. नव्या लायब्ररीत यातलं काही सरकलं की प्रोग्राम चुकीच्या जागी वाचतो, चुकीच्या जागी लिहितो. सोर्समध्ये एकही ओळ न बदलता नव्या हेडरवर पुन्हा कंपाइल केलं की बऱ्याचदा सगळं सुरळीत होतं, ते यामुळेच. गोठलेले आकडे नव्याने भरले जातात.

सिमलिंक ही सूचनाच पुसून टाकते. ओपनएसएसएलच्या बाबतीत तुमचं नशीब बरं आहे. तिच्या प्रत्येक सिंबलला (फंक्शनच्या नावाला) आवृत्तीची खूण असते, त्यामुळे ३० ला १११ म्हणून पुढे केलं तरी लोडर ‘ओपनएसएसएल_१_१_०’ ही खूण सापडत नाही म्हणून थांबतो. सगळ्या लायब्रऱ्या इतकी काळजी घेत नाहीत. जिथे अशा खुणा नाहीत तिथे सिमलिंक दिल्यावर प्रोग्राम सुरू होतो. मग कधी काम करतो, कधी मोडतो, कधी चुकीचा डेटा लिहितो. सुरू न होणारा प्रोग्राम मला केव्हाही चालेल. चुकीचं लिहिणारा प्रोग्राम बॅकअपलाही नासवतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

जुन्या मंडळींना २०१० आठवत असेल. जानेवारीत पीएनजी चित्रांसाठीची लिबपीएनजी १.४.० आली, त्याच महिन्यात जेपीईजी लायब्ररीची ८ वी आवृत्ती आली. दोघींची नावं बदलली, आणि डेस्कटॉपवर असं काहीच नव्हतं की जे या दोघींपैकी एकीला तरी हात लावत नाही. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समधल्या ‘अपडेटिंग’ फाइलमध्ये अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बिल्ड करायच्या आज्ञा दिलेल्या होत्या. ज्यांनी ती फाइल वाचली त्यांची रात्र कंपाइल करण्यात गेली, ज्यांनी वाचली नाही त्यांचा आठवडा गेला. सगळं सोर्सपासून बिल्ड करणाऱ्या जेंटू लिनक्सवर याच लिबपीएनजीने आणखी एक त्रास दिला. लिबटूल या बिल्डच्या साधनाच्या .एलए फाइलींमध्ये जुन्या लायब्ररीचा पत्ता शब्दशः लिहून ठेवलेला असायचा, त्यामुळे प्रोग्राम चालणं सोडाच, नवीन बिल्डही ‘लिबपीएनजी१२.एलए’ सापडत नाही म्हणून मरायचं. त्या फाइली दुरुस्त करायला वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागली.

लिबपीएनजीची गोष्ट आणखी एका कारणासाठी सांगतोय. लोक फक्त ओरडणारा प्रोग्राम पुन्हा बिल्ड करतात आणि बाकीचं तसंच ठेवतात. समजा एक प्रोग्राम स्वतः जुन्या लिबपीएनजीशी जोडलेला आहे, आणि तो चित्रं उघडायला जी दुसरी लायब्ररी वापरतो ती नव्या लिबपीएनजीवर बिल्ड झाली आहे. दोन्ही लिबपीएनजी एकाच प्रोसेसमध्ये लोड होतात. फंक्शनची नावं दोन्हीकडे सारखीच. लोडरला आधी जिचं सापडेल तिचं फंक्शन सगळ्यांना मिळतं. लिबपीएनजीत यासाठी तपासणी आहे: प्रोग्राम १.२ च्या हेडरवर कंपाइल झालाय पण चालतोय १.४ सोबत, असं ती सांगते आणि काम नाकारते. ही तपासणी नसलेल्या लायब्रऱ्यांमध्ये काय होत असेल याचा विचार करा. ओपनएसएसएलसारख्या खुणा असल्या तर प्रत्येकाला आपापलं फंक्शन मिळतं खरं, पण एकीने तयार केलेला ऑब्जेक्ट दुसरीच्या हाती गेला की परिणाम तोच. अपाचेच्या आत पीएचपी मॉड्यूल, त्याच्या आत कर्ल, त्याच्या आत ओपनएसएसएल अशी साखळी असताना हे सहज घडतं. म्हणून नियम: जी लायब्ररी बदलली, तिच्यावर थेट वा आडून अवलंबून असलेला सगळा गट एकाच बैठकीत नवा करायचा.

थेट आणि आडून, हा फरक ओळखता यायला हवा. एलडीडी ही आज्ञा पूर्ण साखळी दाखवते. पीएचपीच्या कर्ल एक्स्टेंशनवर ती चालवली तर ‘लिबएसएसएल.एसओ.१११ सापडत नाही’ असं येईल, आणि तुम्ही ते एक्स्टेंशन तीनदा बिल्ड कराल. गुन्हेगार मधली लिबकर्ल आहे. १११ चं नाव तिच्या यादीत लिहिलेलं आहे. रीडएल्फ या आज्ञेला -डी देऊन ‘नीडेड’ ओळी बघितल्या की फक्त थेट अवलंबन दिसतं, आणि नेमकं काय बिल्ड करायचं ते कळतं. खालून वर जायचं: आधी लिबकर्ल, मग तिच्यावरचे. एलडीडीबद्दल आणखी एक: ती लोडरला प्रत्यक्ष कामाला लावते, म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर ती चालवू नये. रीडएल्फ फक्त वाचते.

तपासणीत दुसरी आंधळी जागा म्हणजे प्लगइन. चालू असताना प्रोग्रामने स्वतः मागवून (डीएलओपन करून) घेतलेली मॉड्यूल्स मुख्य प्रोग्रामच्या ‘नीडेड’ यादीत नसतातच. अपाचे स्वच्छ दिसेल आणि त्याचं मॉड्यूल मोडलेलं असेल. पायथनची सी एक्स्टेंशन्स, पर्लची एक्सएस मॉड्यूल्स, पोस्टग्रेसची एक्स्टेंशन्स, सगळ्यांचं तेच. म्हणून फक्त बिन आणि एसबिन तपासून थांबू नका. ‘यूएसआर/लोकल’ खालची प्रत्येक एल्फ फाइल (कंपाइल झालेला प्रोग्राम किंवा लायब्ररी), शिवाय ‘ऑप्ट’, शिवाय लोकांच्या होम डिरेक्टऱ्या, असं फाइंडने फिरवून प्रत्येकीची ‘नीडेड’ यादी काढा आणि १११ साठी ग्रेप करा. जी फाइल सापडेल ती ‘पीकेजी व्हिच’ ला द्या. पॅकेजचं नाव आलं तर ते पॅकेज राहून गेलंय. कुणाचीच नाही असं उत्तर आलं तर ती हाताने बसवलेली आहे, आणि तिची जबाबदारी तुमची.

भाषांच्या स्वतःच्या पॅकेज व्यवस्थांना ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्याचा पत्ताच नसतो. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स दुरुस्त करत बसू नका. गरजांची यादी ठेवून एन्व्हायर्नमेंट काढा आणि नवी बनवा. लिनक्सवर हेच करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पिप या पायथनच्या साधनाने आधी याच मशीनवर बिल्ड केलेली व्हील (बिल्ड झालेलं पॅकेज) त्याच्या कॅशमध्ये असते, आणि ‘पुन्हा बसव’ म्हटलं की तो तीच जुनी बायनरी आनंदाने परत देतो. कॅश वापरू नको असं स्पष्ट सांगावं लागतं. रूबीत ‘जेम प्रिस्टीन’ ला एक्स्टेंशन्सचा पर्याय आहे, नोडमध्ये ‘एनपीएम रीबिल्ड’ आहे. गो आणि बऱ्याचदा रस्टमधले प्रोग्राम स्टॅटिक असतात, ते मोडत नाहीत. पण त्यांच्या आत गेलेल्या लायब्ररीत सुरक्षेची चूक निघाली तर त्यांना पुन्हा बिल्ड केल्याशिवाय दुरुस्ती मिळत नाही, आणि ‘सापडत नाही’ असं सांगणारंही कुणी नसतं.

स्वतः लिहिलेला किंवा जुना सी कोड पुन्हा कंपाइल करताना ओपनएसएसएल ३.० दोन ठिकाणी अडवेल. कंपाइल होताना पुष्कळ जुनी फंक्शनं ‘डेप्रिकेटेड’ म्हणून इशारे येतील. ते फक्त इशारे आहेत, पण मेकफाइलमध्ये इशाऱ्याला चूक मानण्याचा पर्याय असेल तर बिल्ड तिथेच थांबेल. तो पर्याय तात्पुरता काढा, इशारे मात्र जपून ठेवा, पुढच्या खेपेला तीच यादी लागेल. दुसरी अडचण जास्त फसवी आहे: कंपाइल नीट होतं आणि चालवताना मोडतं. आरसी४, आरसी२, साधं डीईएस, एमडी४, ब्लोफिश हे जुने अल्गोरिदम ३.० मध्ये ‘लेगसी’ नावाच्या वेगळ्या प्रोव्हायडरमध्ये हलवले आहेत आणि तो आपोआप लोड होत नाही. जुन्या पद्धतीने बंद केलेली पीएफएक्स फाइल, म्हणजे सर्टिफिकेट आणि खाजगी किल्लीची पेटी, यामुळे उघडत नाही आणि माणूस पासवर्ड चुकला असं समजत बसतो. ओपनएसएसएलच्या पीकेसीएस१२ आज्ञेला ‘लेगसी’ पर्याय देऊन ती एकदा उघडा आणि नव्या पद्धतीने पुन्हा बंद करून ठेवा.

आता त्या तिसऱ्या इन्स्टॉलविषयी, कारण गोंधळ तिथे झाला. फ्रीबीएसडी-अपडेटचं पहिलं इन्स्टॉल कर्नल बसवतं. रीबूटनंतरचं दुसरं युजरलँड बसवतं, पण जुन्या शेअर्ड लायब्रऱ्या जागेवर ठेवतं. त्यानंतर पडद्यावर सूचना येते की जुन्या लायब्रऱ्या काढायच्या बाकी आहेत, आधी बाहेरून बसवलेलं सगळं सॉफ्टवेअर पुन्हा बिल्ड करा आणि मग इन्स्टॉल परत चालवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या इन्स्टॉलच्या मधला हा काळ मुद्दाम ठेवलेला आहे. या काळात १११ आणि ३० दोन्ही शेजारी नांदतात, जुनी पॅकेजेस चालू राहतात, आणि तुम्हाला एकेक करून सगळं नव्यावर आणायला उसंत मिळते. सोर्समधून सिस्टिम बिल्ड करणाऱ्यांसाठीही ‘डिलीट-ओल्ड’ आणि ‘डिलीट-ओल्ड-लिब्ज’ ही दोन वेगळी पावलं आहेत, त्याच कारणाने. जुनी लायब्ररी काढणं हे अपग्रेडचं शेवटचं काम असतं आणि ते पुरावा पाहून करायचं: वरची फाइंडची फेरी पूर्ण रिकामी आली, सगळ्या सेवा पुन्हा सुरू केल्या, त्या नव्या बायनरीवर चालतात हे पाहिलं, मगच.

सेवा पुन्हा सुरू करण्यावर मी वेगळा जोर देतो. डिस्कवरची फाइल बदलली तरी चालू असलेली प्रोसेस मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहते. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही सुरक्षेची चूक उघड झाली तेव्हा ओपनएसएसएल १.०.१जी मध्ये दुरुस्ती आली. एसओनेम तेच होतं, म्हणून काहीही पुन्हा बिल्ड करायची गरज नव्हती. नुसतं पॅकेज अपडेट करून निश्चिंत झालेले सर्व्हर मात्र रीस्टार्ट होईपर्यंत तितकेच उघडे होते. डेबियन-उबुंटूवर ‘नीडरीस्टार्ट’ अशा प्रोसेस शोधून देतं. इतर लिनक्सवर प्रॉक खालच्या मॅप्स फाइलमध्ये लायब्ररीच्या नावापुढे ‘डिलीटेड’ दिसतं. तुम्ही सरळ एकदा रीबूट करा, मोठ्या अपग्रेडनंतर सगळ्या सेवा स्वतःहून उभ्या राहतात का हेही त्यातून कळेल.

हा प्रश्न फ्रीबीएसडीपुरता नाही, फक्त प्रत्येक व्यवस्था तो वेगळ्या माणसाच्या अंगावर टाकते. जेंटूत पूर्वी रेव्हडेप-रीबिल्ड चालवून मोडलेले शोधावे लागत. नंतर जेंटूची पॅकेज व्यवस्था पोर्टेज स्वतःच जुनी लायब्ररी राखून ठेवू लागली, आणि ‘प्रिझर्व्ह्ड-रीबिल्ड’ संचातलं सगळं बिल्ड झालं की तीच त्या लायब्ररीला काढते. २०१२ च्या ईएपीआय ५ मध्ये, म्हणजे जेंटूच्या पॅकेज नियमांच्या ५ व्या आवृत्तीत, सब-स्लॉट (लायब्ररीचा बायनरी करार बदलल्याची खूण) आले आणि लायब्ररी बदलली की अवलंबून असलेल्यांचं पुन्हा बिल्ड आधीच ठरू लागलं. माझ्या मते या प्रश्नाला सोर्सवाल्या जगाने दिलेलं हे सगळ्यात नीट उत्तर आहे. आर्च लिनक्समध्ये रिपॉझिटरीतलं सगळं एकत्र बिल्ड करून देतात, म्हणून अर्धवट अपग्रेड तिथे मान्यच नाही. पॅकेजांची यादी ताजी करून एकच पॅकेज बसवलं की ते नवी लायब्ररी मागतं आणि बाकीची सिस्टिम जुनीवर असते. एयूआरमधून, म्हणजे वापरकर्त्यांनीच दिलेल्या कृतींच्या संग्रहातून, घेतलेलं मात्र ज्याचं त्याने बिल्ड करायचं.

डेबियनने २०२४ मध्ये जे केलं ते मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण तिथे एसओनेमची सूचना पुरत नव्हती. ३२-बिट मशीनवर वेळ मोजणारा टाइम_टी १९ जानेवारी २०३८ ला भरून ओव्हरफ्लो होणार. तो ६४-बिट केला की वेळ हाताळणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचा बायनरी करार बदलतो, पण लायब्ररीच्या लेखकाने काहीच बदललेलं नसतं, म्हणून तिचं आतलं नाव तेच राहतं. लोडरला काही कळणार नाही. त्यामुळे डेबियनने पॅकेजांचीच नावं बदलली, ‘लिबएसएसएल३’ चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं, जेणेकरून जुनं आणि नवं एकत्र बसूच नये. उबुंटू २४.०४ वर ही ‘टी६४’ शेपटी बघून चक्रावलेल्यांसाठी हे उत्तर. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने सी++ मधल्या स्ट्रिंगची आतली रचना बदलली तेव्हाही असंच झालं होतं: ‘लिबएसटीडीसी++.एसओ.६’ हे नाव कायम, पण तिच्यावर बिल्ड झालेल्या असंख्य सी++ लायब्रऱ्या एकमेकींशी जुळेनात. दुसरं टोक सी लायब्ररीचं आहे. फ्रीबीएसडीची ‘लिबसी.एसओ.७’ हे नाव २००८ च्या ७.० पासून टिकून आहे, कारण जुन्या आणि नव्या सिंबलांच्या आवृत्त्या ती एकाच फाइलमध्ये सांभाळते. सांभाळणाऱ्यांची मेहनत प्रचंड, पण त्यामुळेच प्रत्येक मोठ्या अपग्रेडला अख्खं जग पुन्हा बिल्ड करावं लागत नाही.

पोस्टग्रेस चालवत असाल तर सॉफ्टवेअर बिल्ड करून काम संपत नाही. मजकुराच्या कॉलमवरचा इंडेक्स सी लायब्ररीच्या किंवा आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या क्रमवारीनुसार रचलेला असतो. लायब्ररीने क्रमवारीचे नियम बदलले की डिस्कवरचा इंडेक्स जुन्या क्रमाने आणि शोध नव्या क्रमाने, असं होतं. नाव यादीत असून सापडत नाही, युनिक असलेल्या कॉलममध्ये तेच मूल्य दोनदा घुसतं. लिनक्सवर २०१८ च्या जीलिबसी २.२८ ने हा फटका फार मोठ्या प्रमाणावर दिला. डेबियन १० आणि रेड हॅट ८ वर जाणाऱ्यांना तो बसला. प्रोग्राम व्यवस्थित सुरू होतो, कुठे काही गायब नसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मराठी नावांनी लावलेल्या विद्यार्थ्यांच्या किंवा सभासदांच्या याद्या ज्या डेटाबेसात आहेत तिथे हे नक्की तपासा. अपग्रेडनंतर पोस्टग्रेस कोलेशनची (क्रमवारीच्या नियमांची) आवृत्ती जुळत नाही असा इशारा देत असेल तर आधी रीइंडेक्स करा आणि मगच नवी आवृत्ती नोंदवा. उलट क्रमाने केलं तर इशारा जातो आणि बिघडलेला इंडेक्स तसाच राहतो.

राहिला एकच प्रकार: ज्याचा सोर्स नाही असा प्रोग्राम, बिल्ड करणारा माणूस गेला, विक्रेता उत्तर देत नाही. त्याच्यासाठी खरी जुनी लायब्ररी खऱ्या नावाने आणता येते. झेडएफएस फाइल सिस्टिम असेल आणि अपग्रेडआधीचं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची जपून ठेवलेली प्रत) शिल्लक असेल तर बेक्टल या आज्ञेने ते माउंट करून, नाहीतर १३ च्या बेस.टीएक्सझेडमधून दोनच फाइली काढा: ‘लिब’ खालची लिबक्रिप्टो.एसओ.१११ आणि ‘यूएसआर/लिब’ खालची लिबएसएसएल.एसओ.१११. त्या ‘यूएसआर/लोकल/लिब/कॉम्पॅट/पीकेजी’ मध्ये ठेवा. लोडरने कुठे शोधायचं हे ठरवणाऱ्या एलडीकॉन्फिगच्या मूळ यादीत ही जागा आहे. पण मग ती लायब्ररी सगळ्यांनाच दिसते, आणि पुढे चुकून राहिलेलं एखादं पॅकेजही तिच्यावर गुपचूप चालत राहील. त्याऐवजी फाइली वेगळ्या डिरेक्टरीत ठेवून, त्या एकाच प्रोग्रामच्या सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एलडी_लायब्ररी_पाथ देणं मला बरं वाटतं. सर्वात चांगलं म्हणजे १३ चं युजरलँड असलेली स्वतंत्र जेल (बाकी सिस्टिमपासून वेगळा कप्पा) करून तो प्रोग्राम तिच्यात हलवायचा. १४ चा कर्नल ते चालवतो. जेलला बाहेरच्या नेटवर्कशी थेट बोलू देऊ नका, कारण तिच्यातल्या ओपनएसएसएलला मूळ प्रकल्पाकडून आता सार्वजनिक दुरुस्त्या येत नाहीत. आणि तो प्रोग्राम बदलण्याची तारीख कार्यालयाकडून लेखी घ्या.